निरंक

पाणीपट्टीच्या टेबलावरून उचलून
मला खर्च कक्षात बसवलं.
आदेशात आडनाव चुकलेलं,
पण सही साहेबांची होती, म्हणजे तो मीच.

खोली जन्म-मृत्यू नोंदणीची.
भिंतीला दरपत्रक डकवलेलं:
चहा आठ, अर्धा पाच.
प्लास्टिकची खुर्ची दिवसाला सात,
खोळ घातली तर बारा.
हार साधा, हार मोठा,
आणि क्रेननं चढवायचा हार:
त्याच्यापुढं पेनानं लिहिलेलं, 'विचारून सांगतो'.

जोडीला शूटिंगवाला अजीम.
एरवी लग्नं काढतो, त्यामुळं सवयीनं
कॅमेरा आधी पंगतीवर नेतो,
मग स्टेजवर, मग रुसलेल्या मामावर.
मी म्हणालो, खुर्च्या मोज.
तो म्हणाला, माणसं उठू द्या, सोपं जातं.
रात्री साडेनऊला मानवतच्या मोंढ्यासमोर
आम्ही दोघं रिकाम्या खुर्च्या मोजत उभे.
एक हजार एकशे बारा.
एकीवर कुणाचा तरी चष्मा राहिलेला.
त्याला रकाना नव्हता.

सकाळी भाऊंच्या माणसानं हिशेब आणला,
इस्त्री केल्यासारखा:
खुर्च्या दीडशे. हार दोन.
जेसीबी रस्त्याच्या कामाला आलेला,
फुलं खोऱ्यात वाऱ्यानं पडली असतील.
जेवण: निरंक.

रात्रीच्या मटणाचा वास
अजून माझ्या शर्टाला होता.
वासाची पावती नसते.

नोटीस काढली. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा.
सत्तेचाळिसाव्या तासाला तो आला, तीन पानी,
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
साहेबांनी 'मान्य' लिहिलं
आणि पेनाचं टोपण बराच वेळ शोधत राहिले.

प्रभाग सातच्या केवळाबाई. अपक्ष. चिन्ह शिट्टी.
रेल्वे फाटकाजवळ फुटाणे भाजतात.
त्यांचा हिशेब भाचीच्या अक्षरात, चौकटीच्या वहीत:
'शिट्ट्या चाळीस. सहा वाजल्या नाहीत, पैसे कापले.
ऑटो भावाचा, डिझेल आपलं.
फुटाणे वाटले. घरचेच आहेत. लिहावे का?'

म्हणालो, लिहा. बाजारभावानं.
'सोताच्या भट्टीचे बी?'
हो.
'मंग माझ्या हाताची मजुरी बी धरा की.'
मी भिंतीकडं बघितलं.
मंडपवाल्याचा हेल्पर होता, ढोलवाला होता,
फुटाणे भाजणारा हात नव्हता.

एकशे एकोणीस मतं पडली.
अनामत गेली, तेव्हा त्यांना वाटलं,
सरकारचं-आपलं मिटलं.

अंतिम हिशेब तीस दिवसांत.
भाऊंचा एकोणतिसाव्या दिवशी आला,
मर्यादेच्या आत, अडीच हजारांनी.
केवळाबाई एकेचाळिसाव्या दिवशी आल्या.
मधे भाऊ परभणीला दवाखान्यात होता,
त्यांचा सख्खा, ऑटोवाला.
वही पूर्ण होती. बेरीज बरोबर होती.
तारीख नव्हती.

आदेश कलेक्टर कचेरीतून आला, तीन वर्षं अपात्र.
बजावायला मीच गेलो, फाटक पडलेलं,
मालगाडी संपता संपेना,
तिच्या आवाजात मी तो दोनदा वाचला.

'म्हंजे तीन वर्सं उभं ऱ्हायचं नाही?'
नाही.
'बरं. बसून भाजते.'

पोच म्हणून अंगठा नको, सही करते म्हणाल्या.
सही केली, वेळ लावून.
मग माप भरून फुटाणे दिले.
मी दहाची नोट काढली, तर म्हणाल्या,
'पावती लागंल ना तुम्हाला?'

पुडा भाऊंच्या पत्रकाचा होता.
तळाशी, बारीक टायपात, नियमाप्रमाणे,
छापखान्याचं नाव आणि 'प्रती पाचशे'.
त्यांच्या मागं तसल्याच पत्रकांची रद्दी,
सुतळीनं बांधलेली, छपरापर्यंत.

फाटक उघडलं. गाड्या हॉर्न मारायला लागल्या.
मी तिथंच उभा,
गठ्ठे मोजत.